नर्स-पेशंटचं प्रमाण कायद्याने बांधलं, तर ग्रामीण रुग्णालयात माणसं येतील की जातील?

रातपाळीवाली (यवतमाळ जिल्हा)

नमस्कार. मी ग्रामीण रुग्णालयात अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) आहे. आमच्या संघटनेची जिल्हा बैठक जवळ आली आहे आणि तिथे एक ठराव येऊन राहिला आहे. किती पेशंटमागे किती नर्स हे सरकारने कायदा करून ठरवावं, आणि तेवढ्या नसल्या तर वरच्यांना जाब द्यावा लागावा, असा तो ठराव. त्यावर बोलायची जबाबदारी माझ्यावर आहे. मी ठरावाच्या बाजूची आहे, पण एक शंका काही केल्या सुटत नाही.

आमचं रुग्णालय ३० खाटांचं. अधिपरिचारिकांची मंजूर पदं सात, भरलेली पाच. त्या पाचांतली एक प्रतिनियुक्तीवर जिल्ह्याच्या ठिकाणी आहे, पण पगार आमच्याच आस्थापनेवर निघतो, म्हणजे कागदावर ती इथेच. एक बाळंतपणाच्या रजेवर. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या (एनएचएम) दोन कंत्राटी सिस्टर आहेत म्हणून तीन पाळ्या कशातरी बसतात. रात्री एकच नर्स. लेबर रूम तिनेच पाहायची, वॉर्ड तिनेच, कॅज्युअल्टीही तिनेच. सोबत एक मावशी, आणि कक्षसेवक असला तर असला.

फवारणीच्या हंगामातली एक रात्र सांगते. फवारणीच्या औषधाची विषबाधा झालेला शेतमजूर आणला, तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत घरघर. अ‍ॅट्रोपिन सुरू केलं. हे काम ज्यांनी केलं त्यांना माहीत आहे की इंजेक्शन देऊन बाजूला होता येत नाही. दर पाच मिनिटांनी नाडी, बाहुली, छाती पाहायची, छाती मोकळी होईपर्यंत डोस वाढवायचा. जास्त झालं तर पेशंट बडबडायला लागतो, ताप चढतो, सलाइन ओढून काढतो. त्याच वेळी लेबर रूममध्ये पहिलटकरीण, कळा जोरात. बाळ खाली सरकू लागलं की ठोके दर पाच मिनिटांनी ऐकायचे असतात. दोन्ही नियम पुस्तकातले, दोन्ही बरोबर, आणि दोन्ही एकाच बाईने पाळायचे. ड्यूटीवरचे डॉक्टर एकदा इकडे, एकदा तिकडे. मी मावशीला त्या माणसाजवळ बसवलं आणि सांगितलं, हा उठायला लागला की मला हाक मार. वॉर्डातली दहाची इंजेक्शनं साडेबाराला गेली. मजूर वाचला, बाळ-बाळंतीण सुखरूप घरी गेले. पण २०१७ मध्ये फवारणीने आमच्या जिल्ह्यात वीसच्या आसपास माणसं गेली, तेव्हाच्या रात्री आठवल्या की आजही पोटात गोळा येतो.

आता शंका. कायदा आला आणि 'प्रमाण पाळा' म्हटलं, तर नर्स वाढवण्यापेक्षा खाटा कमी करणं सोपं आहे. आमच्या ३० च्या १० होतील आणि बाकीचे सगळे यवतमाळला रेफर. किंवा मोठ्या रुग्णालयांचं प्रमाण भरायला आमच्यासारख्यांकडून अजून एखादी प्रतिनियुक्तीवर उचलतील. जिथे असे कायदे झाले तिथे नर्सेसची संख्या, पगार, नोकरी सोडून जाणं यांवर खरंच काय परिणाम झाला? कुणाला नीट माहिती असेल तर सांगा. बैठकीत ऐकीव बोलायचं नाही मला.

---

डॉक्टर, वाशीम जिल्हा

सिस्टर, मी तालुक्याच्या गावात १५ खाटांचं नर्सिंग होम चालवतो. दुसऱ्या बाजूने लिहितो, पण तुमच्या विरोधात नाही.

आमच्यासाठी १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा आहे. शिकलेल्या नर्सेसचं 'योग्य प्रमाण' हवं ही अट त्यात पहिल्यापासून आहे. अडचण माणसांची आहे. जीएनएम (नर्सिंगचा पूर्ण डिप्लोमा) झालेली मुलगी आमच्या गावात राहायला तयार नसते. आली तर अनुभवाचं सर्टिफिकेट मिळेपर्यंत थांबते आणि पुण्याला, नाहीतर हैदराबादला जाते. तिला मी दोष देत नाही. तिथे मिळतो तेवढा पगार मी देऊ शकत नाही. मग एएनएम (कमी मुदतीचा कोर्स केलेल्या) घ्याव्या लागतात, आणि खरं सांगायचं तर आमच्या भागात बारावी झालेल्या मुलींना हाताखाली शिकवून काम चालवणारे पुष्कळ आहेत.

उद्या प्रत्येक पाळीत सहा पेशंटमागे एक नोंदणीकृत नर्स अशी सक्ती झाली तर माझ्यासारख्यापुढे दोन वाटा राहतील, बिल वाढवणं किंवा खाटा घटवणं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१८ मध्ये याच विषयावर मतदान झालं होतं. हॉस्पिटलवाल्यांनी हीच भीती मांडली आणि सुमारे ७० टक्के लोकांनी प्रस्ताव नाकारला. लहान रुग्णालयं बंद पडतील ही भीती हवेतली नाही, एवढंच म्हणायचं आहे.

---

जुनी इनचार्ज (वर्धा)

रातपाळीवाली ताई, मी परिसेविका म्हणून निवृत्त झाले, नंतर काही वर्षं नर्सिंगच्या मुलींना शिकवलं. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, उत्तर लांबलं तर वाचून घ्या.

आधी आपल्याकडचे आकडे नीट समजून घेऊ, कारण बैठकीत सगळ्यात मोठा घोळ तिथेच होतो. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण म्हणून १:३ सांगतात, शिकवणी रुग्णालयाच्या वॉर्डासाठी. ऐकणाऱ्याला वाटतं की तीन पेशंटजवळ एक सिस्टर उभी आहे. तसं नाही. ते पदांचं प्रमाण आहे. तीन पाळ्यांत वाटलं की पाळीला १:९ होतं, आणि रजांसाठी ३० टक्के वेगळे धरायचे असतात. हे रजेचे ३० टक्के आकृतिबंधात (मंजूर पदांच्या तक्त्यात) सहसा उतरतच नाहीत. मग एक बाई बाळंतपणाला गेली की तिची पाळी उरलेल्यांच्या अंगावर येते, तुमच्याकडे आली तशी.

तुमच्याच रुग्णालयाचा हिशेब करा. ३० खाटा, प्रत्येक पाळीत सहा पेशंटमागे एक धरली तर पाळीला पाच, दिवसाला १५. साप्ताहिक सुट्या आणि रजांचे ३० टक्के मिळवले की २० पदं लागतात. केंद्राच्या २०१२ च्या मानकांत ३० खाटांच्या सामुदायिक आरोग्य केंद्राला, म्हणजे आपल्या ग्रामीण रुग्णालयाच्या दर्जाच्या केंद्राला, स्टाफ नर्स १० सांगितल्या आहेत. तुमच्याकडे मंजूर सात. म्हणजे सातच्या सात भरल्या तरी रात्री एकच राहणार. 'रिक्त पदं भरा' ही आपली नेहमीची मागणी इथे पुरत नाही, हे बैठकीत ठासून सांगा. पदांची संख्याच मुळात पाळी धरून काढलेली नाही.

आता बाहेरचं. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये कायदा केला, अंमल २००४ पासून. साध्या वॉर्डात आधी १:६, २००५ पासून १:५, आयसीयूत १:२, इमर्जन्सीत १:४. मला त्यातली एक अट सगळ्यात महत्त्वाची वाटते. हे प्रमाण चोवीस तास, क्षणाक्षणाला लागू आहे. सिस्टर जेवायला गेली तरी तिच्या पेशंटजवळ दुसरी हवी. त्यामुळे हॉस्पिटलांना फक्त जेवणाच्या सुट्टीत जागा सांभाळायला म्हणून नर्सेस घ्याव्या लागल्या. डबा उघडून तसाच झाकून ठेवायची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना हे वाचून काय वाटतं ते मी लिहीत नाही.

परिणाम काय झाले? नर्सेसची संख्या वाढली. पगार इतर राज्यांपेक्षा जास्त वेगाने वाढले. नर्सेसना कामात होणाऱ्या इजा आणि दुखणी, पाठ धरणं, सुया टोचणं हे सगळं धरून, सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाली असं २०१५ च्या एका अभ्यासात आलं. पण सगळं गोड नव्हतं. सुरुवातीला माणसं मिळेनात म्हणून एजन्सीच्या तात्पुरत्या नर्सेस महाग दराने आणाव्या लागल्या. आणि काही हॉस्पिटलांनी नर्स वाढवताना मदतनीस आणि सफाईचे हात कमी केले अशी तिथल्या नर्सेसची तक्रार होती. हे लक्षात ठेवा. आपल्याकडे कायदा झाला आणि त्यात मावशी आणि कक्षसेवकांचा शब्द नसला, तर पहिली कुऱ्हाड त्यांच्यावर पडेल, आणि सिस्टर बेडपॅन उचलत राहील.

डॉक्टरसाहेबांच्या भीतीला उत्तर ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात सापडतं. तिथे २००० मध्ये प्रमाण लागू झालं. मोठ्या रुग्णालयात २० पेशंटमागे पाच नर्स. एका नर्सकडे चार असं कडक वाटप नाही, पाच जणींनी मिळून २० पाहायचे, जड पेशंटवाली दोन घेईल, हलकेवाली सहा. त्याआधी तिथेही हेच बोललं जात होतं की नर्स मिळतच नाहीत. प्रमाण लागू झाल्यावर हजारो नर्सेस कामावर परतल्या. त्या कुठून आल्या? घरातून, दुकानातून, दुसऱ्या नोकऱ्यांतून. शिकलेल्या होत्या, परवाना होता, फक्त त्या हालात काम करायला तयार नव्हत्या. २०१५ मध्ये तिथे त्याचा रीतसर कायदाही झाला.

सर, तुम्ही म्हणता मुली मिळत नाहीत. सेवाग्राम, सावंगी, नागपूर, नर्सिंग कॉलेजं काही कमी नाहीत आपल्या भागात. माझ्याच कॉलनीत जीएनएम झालेली एक जण शिवणकाम करते, एक नवऱ्याच्या मेडिकल स्टोअरच्या काउंटरवर बसते. दोघींनीही खाजगी दवाखान्यात नोकरी करून पाहिली होती. सलग दोन पाळ्या, रात्री एकटी, पगार शेतमजुरीच्या आसपास, आणि पेशंट दगावला की नातेवाईक पहिल्यांदा तिच्याच अंगावर धावून येणार. सोडली. त्यांना मी विचारलं होतं, रात्री दोघी असतील आणि पगार बरा असेल तर जाल का? एक म्हणाली, आजच जाईन. पगाराबद्दल समिती नेमा असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्येच सांगितलं आणि केंद्राच्या त्या समितीने म्हटलं की ५० पेक्षा कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयातही महिना २० हजारांच्या खाली देऊ नये. केरळने २०१८ मध्ये किमान वेतनाची अधिसूचना काढली. आपल्या भागात तेवढं कोण देतं ते तुम्हीच सांगा.

आणि पेशंटचं? क्वीन्सलँडने जुलै २०१६ पासून २७ सरकारी रुग्णालयांत दिवसा १:४, रात्री १:७ लागू केलं. प्रमाण लागू नसलेल्या २८ रुग्णालयांशी तुलना करून २०२१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये अभ्यास आला. १४५ मृत्यू टळले असा अंदाज, पेशंट लवकर घरी गेले, परत भरती होणं कमी झालं. जास्तीच्या नर्सेसवर जो खर्च झाला त्याच्या दुपटीहून जास्त वाचलं. पैसा नाही म्हणणाऱ्या अधिकाऱ्यासमोर ठेवायला हा अभ्यास उपयोगी पडेल.

तुमच्या मूळ शंकेवर माझं मत. खाटा कमी होण्याची भीती खरी आहे, कारण कॅलिफोर्नियाच्या कायद्यातही ग्रामीण रुग्णालयांना सवलत मागायची सोय ठेवावी लागली. पण सवलत म्हणजे माफी नव्हे, पेशंटच्या जिवाला धोका नको ही अट तिथे आहे. आपल्याकडे सवलत द्यायची तर मुदतीची द्यावी, आणि कुठल्याही रात्री दोनपेक्षा कमी नर्स नकोत ही खालची रेघ त्यात असावी. ३० खाटा असोत की १०, लेबर रूम चालू आहे तिथे रात्री एकटी बाई ठेवायचीच नाही. मॅग्नेशियम सल्फेटवर (झटके थांबवायचं इंजेक्शन) असलेली झटक्यांची गरोदर बाई सोडून दुसरीकडे धावायची वेळ माझ्या मुलींवर आलेली मी पाहिली आहे. श्वास मोजायचा, गुडघ्याची उडी पाहायची, लघवी मोजायची, आणि पलीकडून कुणी ओरडतंय. ते पाहिल्यानंतर यावर मी तडजोड करू शकत नाही.

---

गडचिरोलीचा ब्रदर

मॅडम, फार उपयोगाचं लिहिलं. मी कंत्राटी आहे, अकरा महिन्यांचा करार, मधे एक दिवसाचा खंड, पुन्हा करार. मला एकच विचारायचं आहे. प्रमाण मोजताना आम्हाला धरणार का?

धरलं तर सरकार म्हणेल, बघा नर्स वाढल्या, आणि सगळ्या कंत्राटी किंवा एजन्सीच्या असतील. मे २०२२ मध्ये राज्यातल्या परिचारिका संपावर गेल्या तेव्हा हाच प्रश्न होता, एजन्सीमार्फत भरती नको. नाही धरलं तर आम्ही काम करूनही कुठेच नाही.

भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या रात्री नवजात बाळांच्या कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. त्या मायबापांच्या दुःखापुढे बोलू नये. पण कारवाई झाली त्यात कंत्राटी परिचारिकांची सेवा संपवण्यात आली, हे आम्ही कंत्राटवाले विसरलो नाही. चुकीची चौकशी व्हावीच. त्यासोबत त्या पाळीत किती बाळांमागे किती हात असायला पाहिजे होते, हेही कायद्याने विचारलं गेलं पाहिजे. आज तो आकडाच बांधलेला नाही, मग विचारणार कोण आणि कशाच्या आधारावर?

आमच्याकडे पावसाळ्यात सर्पदंशाचे पेशंट रात्रीच येतात. प्रतिविष सुरू केलं की पहिला तास बाजूला बसावं लागते, अंगावर पित्त उठते का, बीपी पडते का. सोबत सिकलसेलचा एखादा मुलगा दुखण्याने तळमळत असते. दोन हात असले की दोघांचंही होते. एकटा असलो की मी ठरवतो कोणाला थांबवायचं, आणि ते ठरवायचा अधिकार मला कोणी दिला बाप्पा?

ताई, प्रतिनियुक्तीची तुमची भीती शंभर टक्के बरोबर आहे. आमच्याकडून माणसं जातात ती चंद्रपूर, नागपूरकडे. उलट्या दिशेने आलेलं मी अजून पाहिलं नाही.

---

डॉक्टर, वाशीम जिल्हा

इनचार्ज मॅडम, वीस हजारांचं म्हणाल तर मी देत नाही, आणि माझ्या ओळखीतलेही फारसे देत नाहीत. तुमचा मुद्दा मान्य. फक्त एक भर घालतो. आमच्याकडे येणारे बरेच पेशंट महात्मा फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजनांमधून यावेत असं सरकारला वाटतं. मग पॅकेजचा दर ठरवताना नर्सचा पूर्ण पगार आणि ठरलेलं प्रमाण धरून दर ठरवा. प्रमाणाची सक्ती आणि जुना दर, असं दोन्ही एकत्र आलं तर लहान दवाखाना टिकणार नाही. हे तुमच्या ठरावात आलं तर आम्ही तालुक्यातले चार डॉक्टर सह्या करू.

---

जुनी इनचार्ज (वर्धा)

सर, सह्या घ्याच. डॉक्टर आणि नर्स एका कागदावर आले तर त्याला वजन येतं.

ब्रदर, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: पाळीत उभा असलेला प्रत्येक नोंदणीकृत माणूस मोजायचा, कंत्राटी असो की कायम. पण मंजूर पदांचा हिशेब वेगळा ठेवायचा आणि तो कायम पदांचाच. हे दोन तक्ते एकत्र केले की तुम्ही म्हणता तेच होईल.

---

रातपाळीवाली (यवतमाळ जिल्हा)

सगळ्यांचे मनापासून आभार. मॅडम, पदांचं प्रमाण आणि पाळीचं प्रमाण हा फरक मला इतक्या वर्षांत कुणी सांगितला नव्हता. आमच्या इनचार्ज सिस्टरना दाखवलं, त्यांनी वहीत हिशेब करून पाहिला आणि म्हणाल्या, मग आपण आजवर सात-सात म्हणून कशाला भांडत होतो?

मूळ ठरावात फक्त 'प्रमाण लागू करावं' एवढं एकच वाक्य आहे. मी दुरुस्ती मांडणार आहे, तिचा मसुदा असा:

"प्रमाण प्रत्येक पाळीत प्रत्यक्ष हजर असलेल्या नोंदणीकृत परिचारिकांवरून मोजावे. प्रतिनियुक्तीवर किंवा दीर्घ रजेवर असलेली व्यक्ती मूळ रुग्णालयात मोजू नये, व जिच्या जाण्याने एखादी पाळी प्रमाणाखाली येते तिची प्रतिनियुक्ती करू नये. प्रसूती कक्ष चालू असलेल्या कोणत्याही रुग्णालयात रात्री दोनपेक्षा कमी परिचारिका नसाव्यात. ३० टक्के रजा राखीव पदे आकृतिबंधात स्वतंत्र दाखवावीत. प्रमाण पाळण्याकरिता खाटा कमी करू नयेत, तसेच कक्षसेवक व सफाई कर्मचाऱ्यांची पदे घटवू नयेत. त्या त्या पाळीतील परिचारिका व रुग्णांची संख्या वॉर्डाच्या दाराशी फळ्यावर लिहावी."

फळ्याची कल्पना आमच्या मावशींची आहे. त्या म्हणाल्या, नातेवाईक आल्या आल्या सिस्टर कुठे गेली म्हणून ओरडतात, त्यांना वाचू द्या किती जणांमागे एक आहे ते. मला ती पटली.

डॉक्टर सर, पॅकेजच्या दराचा मुद्दा खाजगीसाठी वेगळं कलम म्हणून टाकते, मसुदा तुम्हीच लिहून द्या, तुमच्या भाषेत तो जास्त नेमका येईल. ब्रदर, कंत्राटींबद्दल मॅडम म्हणतात तसं दोन तक्त्यांचं वाक्य जोडते. तुमच्या करारात खंडाबद्दल नेमकं काय लिहिलं आहे तेवढं वाक्य इथे टाका.

आणि बाकीच्यांना विनंती, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात असाल तर गेल्या महिन्याची रात्रीची ड्यूटी लिस्ट पाठवा. नावं आणि रुग्णालय खोडून पाठवा, फक्त खाटा, त्या रात्री भरती असलेले पेशंट आणि हजर नर्स एवढं दिसलं तरी चालेल. यवतमाळ, वाशीम, गडचिरोली तर आलेच, बुलढाणा, गोंदिया, अमरावतीच्या मेळघाटाकडचं कुणी असेल तर फार बरं होईल. बैठकीच्या आदल्या रात्री माझीच नाइट आहे, म्हणून त्याच्या दोन दिवस आधी मिळाल्या तर तक्ता करून घेता येईल.